व्याह्यांच्या गाडीचा सायलेन्सर

गाडी दिसायच्या आधी तिचं फरफटणं ऐकू आलं. लोखंड डांबरावर घासत येत होतं. यार्डाच्या फाटकाशी बसून मी जुनी बेअरिंगं रॉकेलमध्ये धूत होते. इस्माईल, आमचा मिस्त्री, जीपच्या खालून डोकं काढून म्हणाला, "अक्का, कुणाचातरी सायलेन्सर खाली आलाय."

"येऊ दे. दुसरं कुठं जातंय?"

हे मी उगाच म्हणत नव्हते. जुन्या गाड्यांचा माल तेव्हा विट्यात माझ्याशिवाय कुणाकडं नव्हता. मालक गेल्यावर चौथीतनं शाळा सोडलेली बाई भंगाराचं यार्ड काय सांभाळणार म्हणून ज्यांनी तोंडं वाकडी केली, तेच नंतर गिअरबॉक्सपायी माझ्या दारात उन्हात उभे राहायचे. मी त्यांना सावली आहे असं कधी सांगितलं नाही.

गाडी फाटकाशी थांबली. काळी अँबॅसिडर, बॉनेटवर पितळी घोडा. तो घोडा बघितला आणि माझ्या हातातलं बेअरिंग डब्यात पडलं.

ते माझे व्याही होते. हिंदुराव जगदाळे, कमळवाडीचे द्राक्षबागाईतदार. वर्षभरापूर्वी याच गाडीतनं त्यांनी माझ्या शालनला आणून याच फाटकात उतरवलं होतं. ट्रंक खाली ठेवली, आणि माझ्या सगळ्या माणसांदेखत म्हणाले होते, "भंगारवाल्याकडनं माल घेतला, चूक आमचीच. परत घ्या."

का, तर शालनच्या पोटरीवर पांढरा डाग आहे. कोड आहे म्हणे. शालन लहान असताना यार्डात खेळता खेळता एका तापलेल्या सायलेन्सरला पाय लागला, कातडं सोलून निघालं आणि नवं आलं ते पांढरंच आलं. हे मी घसा फोडून सांगितलं. विहीणबाईंनी पदर नाकाला लावला, आणि जावई गाडीतनं उतरलाच नाही.

आज तो गाडी चालवत होता. उदय. मला बघून त्यानं मान खाली घातली. हिंदुराव उतरले. पांढरंशुभ्र धोतर, परीटघडीचा सदरा, डोक्याला फेटा. माझ्याकडं न बघता इस्माईलला म्हणाले, "मिस्त्री, सायलेन्सर पायजे. लगीच."

"मालकीण ह्या हायेत," इस्माईल म्हणाला.

"कराड नाक्यापास्नं चार गॅरेजं हिंडलो. सगळे हितंच पाठवतात."

"बरोबर पाठवतात," मी म्हटलं. "या व्याही. बसा. पाणी देऊ?"

इस्माईलनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मला ऊन लागलंय. वर्षभर तो माझ्या तोंडून या माणसाचं नाव कसं ऐकत होता ते त्याला ठाऊक.

"पाणी नको," हिंदुराव म्हणाले. "माल द्या, आम्ही पुढं बसवून घेतो."

"माप घेतल्याबिगर जुना माल देत नाही मी. उद्या बसला नाही तर तुम्ही म्हणणार, भंगारवालीनं फसवलं. गाडी खड्ड्यावर घ्या."

त्यांचं तोंड आवळलं. पण गाडी खड्ड्यावर आली.

इस्माईल खाली उतरला, मीही उतरले. मी नऊवारीचा काष्टा मारून खड्ड्यात उतरते याची विट्यात कुणाला नवलाई नव्हती. हिंदुरावांनी मात्र मान फिरवली. इंजिनातनं धूर बाहेर नेणारा बेंड पाइप चिरला होता, आणि मागचा डबा रस्त्यावर घासून घासून भाकरीसारखा चपटा झाला होता.

"पुढनं मागं सगळंच नवं घालावं लागंल," इस्माईल म्हणाला, आणि त्याची नजर शेडच्या भिंतीकडं गेली. तिथं खिळ्याला अशाच गाडीचा अस्सल सायलेन्सर टांगलेला होता, तेल लावून ठेवलेला.

"तो विकलाय," मी म्हटलं.

"कधी?"

"आत्ता."

इस्माईल जुना डबा सोडवायला लागला.

पाइप मागं कुठनं न्यायचा ते बघायला मी मागचं दार उघडलं. खालचा पत्रा गंजून फुटला तर नाही ना, हे हात लावून बघावं लागतं, नाहीतर धूर आत येतो. सीटवर शाल पसरली होती. पायपुसणं उचलायला वाकले तशी शाल घसरली. खाली हिरवी साडी होती, पाच नारळ होते, आणि जरीच्या कागदानं मढवलेला साखरेचा पुडा होता, उभा, टोकदार, वर लाल लोकरीचा गोंडा.

पुडा कुणासाठी करतात हे मला कुणी सांगायला नको होतं. हिंदुरावांना एकच मुलगा. आणि त्या मुलाची बायको माझ्या घरात, मागच्या खोलीत, मंगळसूत्र घालून गहू निवडत बसली होती. सोडचिठ्ठी नाही, कागद नाही, चार माणसांची बैठकसुद्धा नाही.

उदय गाडीच्या पलीकडं उभा होता. त्यानं बघितलं की मी बघितलंय. त्याच्या ओठावरचा घाम मला दिसला.

"पावण्यांच्यात कार्य हाय," हिंदुराव घाईनं म्हणाले.

"असू दे की. कुठं?"

"लांब हाय."

"कुठल्या बाजूला? रस्ता खराब असला तर पाइप वर बांधावा लागंल."

"बांधा वरच," ते म्हणाले. गावाचं नाव काढलं नाही. माणूस लबाड होता, पण खुळा नव्हता.

मी शाल परत सारखी केली. दार लावलं. हात पदराला पुसले. तिथंच त्यांच्या फेट्याला हात घालावा असं वाटलं. पान्हाही हाताशी होता. पण आरडाओरडा करून काय झालं असतं? ते आज परत गेले असते, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रस्त्यानं, गुपचूप, कुणाच्यातरी पोरीच्या हातात तो पुडा ठेवून आले असते. मग माझी शालन कायमची डागाची पोर झाली असती, आणि हे कायमचे साव.

"इस्माईल," मी म्हटलं, "जीपचा तो बेंड काढ. आणि मागं मॅटाडोरचा सायलेन्सर पडलाय तो आण."

"अक्का, तो मॅटाडोरचा? त्याच्या तर..."

"आण म्हटलं की आणायचं."

तो का अडखळला ते सांगते. त्या डब्याच्या पोटातल्या जाळ्या गंजून केव्हाच गळून गेल्या होत्या. आत नुसता ढोल. आणि खालच्या अंगाला माझी मूठ जाईल एवढं भोक.

काम सुरू झालं. जीपच्या बेंडाचं तोंड मोठं, गाडीचं लहान. बोल्टाची भोकं जुळेनात. इस्माईलनं एक भोक नव्यानं पाडलं, मध्ये गॅस्केटचे दोन थर घातले, आणि फट राहिली तिथं अॅस्बेस्टॉसची दोरी ठोकून भरली. मॅटाडोरचा डबा लांबीला जास्त, तो तिरका धरून जुन्या टायरच्या पट्ट्यांनी चेसीला टांगला. शेवटचा पाइप डिकीच्या पार बाहेर काढला. जोड मी एकेक करून हात फिरवून तपासले. कुठं श्वासाएवढी फट ठेवली नाही. बंद गाडीत धूर शिरला तर माणसं बसल्या जागी मरतात, आणि हिंदुराव मला जिवंत हवे होते.

"ह्ये भोक?" इस्माईल हळूच म्हणाला.

"ते मी बघते."

परसात जाऊन मी पाटीभर माती आणली. पाणी घालून मळली, चुलीला मळतात तशी. गोणपाटाच्या पट्ट्या तीत बुडवल्या आणि त्या डब्याभोवती गुंडाळत गेले, एकावर एक, मोडलेल्या हाताला बांधतात तशा. वर तार आवळली. इस्माईलच्या घरीही चूल होती. त्यानं पाटीत बघितलं, मग माझ्याकडं.

"अक्का, भुसा न्हाई घातला?"

"तुला पगार पान्यांचा देते का मातीचा?"

"पर ही माती..."

"इस्माईल."

तो खड्ड्यातनं वर गेला आणि हात धुवायला लागला. पाठ हलत होती त्याची. हसत होता मेला.

उदयनं गाडी चालू केली. आवाज असा मऊ निघाला की हिंदुरावांच्या कपाळावरची आठी गेली.

"बरं केलंसा," ते म्हणाले. वर्षभरात माझ्याशी बोललेला पहिला नीट शब्द. "आजच्या दिवशी आवाज करत जायचं म्हंजे बरं दिसत न्हाई."

"व्हय की. चांगल्या कार्याला शांतपणी जावं," मी म्हटलं. "जपून जावा, व्याही."

गाडी फाटकाबाहेर पडून मायणीच्या अंगाला वळली तशी मी आत गेले. शालन सूप घेऊन बसली होती. आवाज ओळखून दाराला कान लावून परत येऊन बसली असणार. गव्हाच्या ढिगात एक खडा निवडलेला नव्हता.

"ऊठ. तोंड धू. रोजचीच साडी नीट नेस. मंगळसूत्र पदराच्या वर काढ."

"कुठं जायचंय, आई?"

"तुझ्या नवऱ्याच्या साखरपुड्याला."

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "गाव कुठलं?"

"ते गाडीच सांगंल."

जीपचा बेंड तर हिंदुरावांच्या गाडीला गेला होता, पण गाड्या ओढून आणायची आमची दुसरी जीप धडधाकट होती. इस्माईल चाक धरून, मी पुढं, शालन मागं. उगाच घाई केली नाही. माती तापायला वेळ लागतो.

ज्यांनी चूल घातली असेल त्यांना सांगायला नको. मातीत भुसा मळला तर ती धरून राहते. नुसत्या मातीची चूल पहिल्या जाळाला गप्प बसते, दुसऱ्याला तडकते आणि तिसऱ्याला गळते. सपाटीला गाडी गप्प जाईल, घाट चढायला लागली की इंजिन तापेल, आणि मग माझ्या व्याह्यांनी कुठंही लपून जावं.

पहिल्या फाट्यावर रस्ता दोन्हीकडं गेला. बांधावर एक म्हातारा हातात काठी घेऊन बसला होता.

"बाबा, काळी मोटार गेली का? आवाज आला?"

"ऐकली न्हाई," तो म्हणाला. "बघितली. ह्या अंगानं गेली."

म्हणजे अजून माती धरून होती. घाटाच्या पायथ्याला मात्र रस्त्यावर भाजलेल्या मातीची ढेकळं दिसली. वळणावर गोणपाटाची पट्टी काळी होऊन पडली होती, टोकाला अजून धूर. इस्माईलनं जीप हळू केली, खिडकीतनं बघितलं आणि "सुभानअल्ला" म्हणाला.

घाटमाथ्यावर चहाची टपरी. तिथं गिऱ्हाइकं कप हातात धरून रस्त्यात उभी होती.

"मोटार गेली का हो एक?"

"मोटार व्हय ती?" टपरीवाला म्हणाला. "आम्हाला वाटलं खाणीत सुरुंग लागला. ह्यो गडी बाकाखाली गेला बघा."

"कुठं गेली?"

चार हात एकदम उजवीकडं गेले. तिथनं पुढं विचारावंच लागलं नाही. माणसं दारात उभी होती ते पुढचं वळण. एक बाई विहिरीवरनं ओरडली, "त्यांच्या मागंमागं चाललाय व्हय? सांगा त्यास्नी, आमच्या सासऱ्याला दोन वर्सं ऐकायला येत नव्हतं, आज उठून बसला म्हातारा!"

इस्माईलच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. मी हसले नाही. मागं शालन मंगळसूत्र मुठीत धरून बसली होती.

गाव निघालं वाघजाईवाडी. गावातल्या पोरांनी आम्हाला वाट दाखवली, न विचारता. निवृत्ती कदम नावाच्या माणसाचं घर. अंगणात मांडव, सतरंज्या, आणि बाजूला ती काळी गाडी. तिच्याभोवती निम्मं गाव जमलं होतं. गाडीखालनं अजून जळक्या गोणपाटाचा वास येत होता.

आम्ही मायलेकी बायकांच्या घोळक्यातनं आत गेलो. दारातच एका ठसठशीत म्हातारीनं हळदीकुंकू पुढं केलं. नवरीची आत्या. घरात चालत होती ती तिचीच.

"या, या. उशीर झाला? आवाज ऐकून आमाला कळलं पावणं आलं म्हणून! कुणीकडचं म्हणायचं तुम्ही?"

"मुलाकडचे."

"मग अशा पुढं बसा की. नवऱ्या मुलाची कोण?"

मी कुंकू लावून घेतलं. हिंदुराव समोर लोडाला टेकून बसले होते, शेजारी उदय, पाटावर तो पुडा. नवरी मुलगी, मंदा तिचं नाव, मान खाली घालून पुढ्यात बसली होती. हिंदुरावांनी मला बघितलं आणि त्यांचा हात फेट्याकडं गेला.

"मी मुलाची सासू," मी म्हटलं. "आणि ही त्याची बायको."

मांडवात कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं.

मुलीचे वडील, निवृत्ती कदम, उभे राहिले. "हिंदुराव, तुम्ही म्हणाला सोडचिठ्ठी झालीया."

"झाल्यातच जमा हाय," हिंदुराव म्हणाले. "ही बाई भंगारवाली हाय. पोरगीला कोड हाय, लपवून आमच्या गळ्यात घातली. विचारा, पोटरीवर पांढरा डाग हाय का न्हाई!"

भर मांडवात. सगळ्या पुरुषांदेखत. माझ्या तोंडात आलेलं मी इथं लिहीत नाही. पण मी बोलायच्या आधी शालन आत्याबाईंसमोर गेली.

"आत चला," ती म्हणाली. "दाखवते."

दोघी आत गेल्या. हिंदुराव पुड्याचा गोंडा सारखा करत होते. मी त्यांच्या समोर मांडी घालून बसले आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले, कारण वर्षभर मला हेच बघायचं होतं.

आत्याबाई बाहेर आली ती भावाकडं गेलीच नाही. सरळ हिंदुरावांच्या पुढ्यात.

"काय रं ए बाबा, भाजल्याला कोड म्हणतोस व्हय? सायलेन्सर लागलाय त्यो! माझ्या पोराच्या फटफटीनं मलाबी दिलाय असला एक. मग मलाबी टाकून दे म्हणावं का म्हाताऱ्याला?"

बायका हसल्या. मग पुरुष हसले. आत्याबाईचा म्हातारा कोपऱ्यात होता, तो सगळ्यात जास्त हसला.

"एकच बाजू ऐकून कसं..." हिंदुराव म्हणायला लागले.

"उदयराव," मंदा म्हणाली. नवरीनं बोलायचं नसतं, पण ती बोलली. "तुमास्नी ठाऊक होतं का, भाजलेलं हाय म्हणून?"

उदयनं बापाकडं बघितलं.

"त्यांच्याकडं काय बघताय? मी तुमास्नी इचारतीया."

"होतं," तो म्हणाला. "तिनं सांगितलं हुतं. पहिल्याच दिवशी."

पोरीनं पाटावरचा पुडा उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. निवृत्ती कदमांनी हात जोडले. "उठा, पावणं. वेळ झाली तुमची."

हिंदुराव उठले. वाटेत माझ्यापाशी थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, झालं गेलं. पोरगीला आत्ता घेऊन जातो. गाडीत बसवा."

त्यांना खरंच वाटत होतं मी याच्यासाठी आलेय.

"परत आलेला माल पुन्हा देत नाही मी," असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण शालनच म्हणाली, "मामंजी, तुमची गाडी लई आवाज करतीया."

मग आत्याबाईनं आम्हाला ओट्यावर बसवून चहा दिला. पाव्हण्यांसाठी उकळलेला, वेलदोड्याचा. तिथनं अंगण सगळं दिसत होतं. उदय चाकाशी बसला. गाडीला वेढा घालून गाव उभं. "चालू करा की पावणं!" एक पोरगा ओरडला. "आमच्या आज्जीनं ऐकली न्हाई, पुन्यांदा वाजवा!" पलीकडं एकानं बैलांची दावी आधीच धरून ठेवली होती.

हिंदुरावांनी चहूकडं बघितलं. आता किल्ली फिरवली की गावोगाव माणसं दारात येणार, घाटमाथ्यावरची टपरी रस्त्यात येणार, विहिरीवरची बाई हाक मारणार. त्यांनी उदयला खिडकीतनं काहीतरी सांगितलं, धोतराचा सोगा खोचला, आणि त्या जाडजूड बागाईतदारानं डिकीला दोन्ही हात लावून गाडी ढकलायला सुरुवात केली. गावाबाहेर जाईपर्यंत चालूच करायची नाही, असं ठरवलं असणार.

गाडी बोटभर सरकली. परत थांबली. फेटा डाव्या कानावर आला. कुणी हात लावायला पुढं गेलं नाही. उलट वाट करून देत माणसं दोन्ही बाजूंनी उभी राहिली, मिरवणुकीला राहतात तशी. हिंदुरावांनी खांदा लावला. मानेच्या शिरा मला ओट्यावरनं मोजता आल्या असत्या.

शालन बशीतनं चहा पीत होती. तिनं एकदा गाडीच्या मागच्या चाकाकडं बघितलं, एकदा उदयकडं.

"आई," ती म्हणाली, "हँडब्रेक सोडायचाच राहिलाय त्येंचा."

"सांगू का?"

तिनं बशी परत भरून घेतली. त्यावर फुंकर मारली.

"चहा तर पिऊन होऊ दे," ती म्हणाली.